आक्काच्या गाडीचं नवं हँडल

आक्का, हँडल बसलं. आधी एवढं सांगते, बाकीचं मागाहून. नाहीतर ‘बेबीनं काय दिवे लावले’ म्हणून तू मला टोचत राहशील आणि मला धड काही सुचायचं नाही.

सरळ बसलंय. दोन्ही मुठी एका उंचीला आहेत. मी शाळेतली फूटपट्टी लावून बघितली, दाजींनी दोन्ही हात फिरवून बघितले. एकदा चुकलं, उघडावं लागलं, पुन्हा बसवलं. मिस्त्रीला हाक मारली नाही. तुझ्याच अंगणात, तुझ्याच पान्यांनी काम झालं.

तू गेलीस त्याला अजून महिनाही व्हायचाय. माणसं येतात, ओसरीवर टेकतात, ‘लई चांगली बाई होती’ म्हणतात आणि चहा घेऊन जातात. मला आतून हसू येतं. चांगली तर तू होतीसच, पण तुझ्याशी पाच मिनिटं बोलायचं म्हणजे भांडायची तयारी ठेवून बोलावं लागायचं. मी बदनापूरहून एसट्या बदलत धावड्याला यायचे आणि पिशवी खाली टेकवायच्या आत आपली जुंपायची. शेवटचं वर्षभर तर विषयही एकच होता, तुझ्या मोटरसायकलचं वाकडं हँडल. ते भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस. मला अर्धवट सोडलेलं गणित बघवत नाही, हे तुला ठाऊक असूनही.

गाडी मुळात दाजींची. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला, ऑपरेशन करूनही समोरचं धुरकटच राहिलं, तेव्हा गाडी विकायची बोलणी सुरू झाली. तू म्हणालीस, ‘गाडीचे डोळे ठीक हायेत ना? मंग राहू द्या तिला.’ कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात दाजींनी तुला शिकवलं. ते मागून पळत ‘हळू सोड, क्लच हळू सोड’ ओरडायचे आणि तू हळू हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखी क्लच झटक्यानं सोडायचीस. साडीवर दाजींचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, पुढं तू आणि मागं दाजी. गाव हसलं. ‘नवरी पुढं अन् नवरदेव मागं’ म्हणालं. दाजींना लागलं असणार, पण ते एवढंच म्हणाले, ‘हसू दे त्यांना. आपुन येळेवर पोचतो ना?’ पुढं तू हिरव्या मिरचीची पोती घेऊन सगळ्यांच्या आधी बाजारात दिसायला लागलीस, तेव्हा हसणारेच विचारायला लागले, आक्का, आमचं एक पोतं टाकता का.

मागच्या वर्षी वावराच्या वाटेवर रोहीचं जनावर आडवं आलं आणि तू गाडीसकट कडेच्या चारीत गेलीस. गुडघा फुटला, डावा आरसा फुटला, हँडल डावीकडून मागं वाकलं. गुडघ्याला तू हळद लावलीस. हँडलकडं बघितलंसुद्धा नाहीस.

‘आक्का, हँडल बदल.’

‘काहून? गाडी सरळ जाती ना?’

‘गाडी सरळ जाती, कारण तू वाकडी बसती.’

‘मंग झालं की बराबर. एक वाकडं असलं की दुसऱ्यानं जरा वाकायचं. संसार कसा होतो मंग?’

ह्यावर दाजी बाजेवर पडल्या पडल्या हसायचे. मी सांगायचे, अगं, अंगाला वाकड्याची सवय लागते, मग सरळसुद्धा वाकडं वाटायला लागतं. तू म्हणायचीस, सवय लागली म्हणजे सरळच की ते. मी आणखी बोलले तर तुझा हुकमी पत्ता होताच: ‘तू त्या स्कुटीवर बसून मला शिकवू नको. ती गाडी हाय का डबी?’

तरी उन्हाळ्यात तू भोकरदनहून नवं हँडल घेऊन आलीस. मला सांगितलं नाहीस, तुझ्या ज्योतीनं गुपचूप फोटो पाठवला. म्हणजे पोटातून पटलं होतं तुला, फक्त मला कळू द्यायचं नव्हतं. म्हशींच्या कोठ्यात खुंटीला ते पेपरात गुंडाळून टांगलंस. मिस्त्रीकडून बसवून घे म्हटलं तर त्यालाही नाही. ‘माझ्या गाडीचे बोल्ट मीच आवळीन. रस्त्यात निघाले तर शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी कळंल.’ सवड झाली की बसवते, म्हणालीस. मग मिरचीचे तोडे सुरू झाले आणि हँडल खुंटीलाच राहिलं.

आणि मग ती दुपार. वावरात तोडा चालू असताना तुझ्या छातीत कळ आली. बांधावर तू, ज्योती आणि दोन बाया. रस्त्याला वाहन नाही. तुझ्या पोरीनं तुला गाडीवर मागं बसवलं, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि त्या वाकड्या हँडलवर गाडी पळवली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तू होतीस. आत नेल्यावर थोड्या वेळानं गेलीस. डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं: झटकाच मोठा होता, दुसऱ्या कशातूनही आणलं असतं तरी हेच झालं असतं, मुलीनं होतं तेवढं सगळं केलं. मी ते ज्योतीला सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली.

पण घरात माणसं जमली की तोंडं थांबतात का? तुझे थोरले दीर, आपले बापू, ओसरीवर बसून म्हणाले, ‘दुखणं व्हतं, पण गाडीच्या हिसक्यांनी गेली. आधी पाडलं त्या गाडीनं, मंग नेलं.’ बापूंच्या मनात वाईट नव्हतं. ते स्वतः हमसून रडत होते आणि रडताना माणसाला कुणावर तरी खापर फोडायचं असतं, त्यांनी लोखंडावर फोडलं. पण दाराआड ज्योती होती. तिनं गाडी कोठ्यात नेऊन लावली, वरून बारदाना टाकला, चावी देवळीत ठेवली आणि त्या देवळीकडं बघायचंच सोडलं.

त्यानंतर बापू जे म्हणतील त्याला ती हो म्हणायला लागली. वावर बटईनं कुणाला कसायला देऊ? तुम्ही म्हणाल तसं. गाडी विकून टाकू? तुम्ही म्हणाल तसं. यंदा तुझं लग्न उरकून टाकू? तुम्ही म्हणाल तसं. आक्का, ही पोर तुझी. शब्दाला शब्द लावणारी, बी.ए.ची परीक्षा देत देत वावर बघणारी, ‘मला शेतीच करायची’ असं माझ्या तोंडावर सांगून माझं बदनापूरला शिकायला यायचं आमंत्रण परतवणारी. तू गेलीस तेव्हा मला रडू आलं. ह्या ‘तुम्ही म्हणाल तसं’नं मात्र मला भीती वाटली. तुझ्याबरोबर तीही दवाखान्याच्या त्या दारातून आत गेली आणि बाहेर आलीच नाही, असं वाटायला लागलं.

दहाव्याला नदीवर काय झालं ते तू बघितलंसच असेल. नसेल तर ऐक. दाजींनी पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. कावळे होते की, बाभळीवर भरपूर बसले होते, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. मग रीतीप्रमाणं एकेकानं पुढं होऊन तुला शब्द द्यायला सुरुवात केली. बापू म्हणाले, ‘ज्योतीचं लगीन धूमधडाक्यात करीन, काळजी करू नको.’ कावळा हलला नाही. दाजी म्हणाले, म्हशी विकणार न्हाई. तुझी जाऊ म्हणाली, दाजींना दोन्ही वेळचं गरम जेवण देईन. कुणीतरी म्हणालं, देवीला खण-नारळ ऱ्हायला असंल. त्याचाही शब्द दिला गेला. कावळे आपापसात बोलत बसले होते.

मी मागं उभी होते. मला तुझा राग आला. म्हटलं, ह्या बाईला एवढी सगळी माणसं विनवतायत आणि ही तिथंही अडून बसलीये. मी पुढं झाले आणि जरा जोरातच बोलले, ‘आक्का, तुझ्या गाडीचं हँडल मी बदलते. घरी, तुझ्या पान्यानं. अन् ज्योती चालवंल ती गाडी.’

एवढ्या दुःखातही लोक फिसकन हसले. दाजीही हसले. ज्योती नाही हसली, पण तिनं मान वर केली, हे मी बघितलं.

कावळा तरीही आला नाही. गोष्टीत आला असता. मला खरंच वाटलं होतं की आता येईल. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि सगळे उठले. घरी येता येता बापू म्हणाले, ‘पाह्यलं का बेबी? कावळ्यानं गाडीला नकार देला. मी गिऱ्हाईक बघतो.’

मी म्हटलं, ‘बापू, नकार लग्नालापण देला त्यानं. मंग तेपण मोडायचं का?’

बापू चालता चालता थांबले. रुमालानं तोंड पुसलं. म्हणाले, ‘तुम्ही दोघी बहिणी सारख्याच,’ आणि पुढं गेले. मला ते फार बरं वाटलं, आक्का. आपल्याला कुणी सारखं म्हटल्यावर आपण दोघीही चिडायचो, आणि आता चिडायला मी एकटी उरले होते.

तर चार माणसांत बोलले ते बोलले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि रविवारी सकाळी मी बारदाना ओढून काढला.

गाडी अंगणात घेताना टायरमध्ये वारं कमी होतं, ते आधी भरलं. तुझे पाने तेलाच्या डब्यात होते तसेच होते. मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला पोरगा हिंदीत सांगत होता, ‘एकदम आसान है,’ आणि त्याची गाडी वेगळीच होती. उरलेला आरसा काढला. दोन्हीकडच्या बटणांच्या पेट्यांचे स्क्रू काढले. क्लचचा दांडा ढिला केला, ब्रेकचा ढिला केला. प्रत्येक स्क्रू मी ताटलीत क्रमानं ठेवला आणि दाजींना बजावलं की ताटलीला पाय लावू नका, म्हणजे त्यांना बाजेवर खिळवूनच ठेवलं. ते म्हणाले, ‘तुझ्या आक्कानं सगळे स्क्रू पदरात बांधले असते.’ मी म्हटलं, म्हणूनच तिच्या बटणाच्या पेटीत एक स्क्रू कमी आहे.

डावीकडची रबरी मूठ मात्र निघेना. पिळून बघितली, साबणाचं पाणी घातलं, तरी हँडलला धरून बसलेली. वाकलेल्या बाजूचीच ती, तुझ्या हातानं गुळगुळीत झालेली. माझा धीर संपला. मी विळा घेतला आणि म्हटलं, कापूनच काढते.

‘मावशी, कापू नको!’

सकाळपासून आत भांडी घासत असलेली ज्योती दारात उभी होती. तिच्या हाताला राख तशीच होती. ती कोठ्यात गेली, सायकलचा पंप घेऊन आली, त्याचं टोक मुठीच्या कडेखाली खुपसलं आणि मला म्हणाली, ‘मार.’ मी दट्ट्या मारला. मुठीत वारं शिरलं, ती फुगली आणि अलगद तिच्या हातात आली.

‘आई असंच करायची,’ ती म्हणाली. मग भांडी घासायला आत गेली नाही. थोडं लांब, उंबऱ्यावर बसून राहिली. मी ताटलीतल्या स्क्रूंकडंच बघत राहिले. शाळेत मुलं फळ्याजवळ यायला लागली की मी कधीच त्यांच्याकडं बघत नाही, बघितलं की परत जातात.

आता तुझी भानगड सांगते. मधल्या पकडीचे बोल्ट काढायला गेले तर तिथं दोऱ्यांचा हा एवढा गुंता. दर दसऱ्याला तू गाडी धुवायचीस, हळदीकुंकू वाहायचीस, झेंडूचा हार हँडलला बांधायचीस. फुलं सुकून गळायची आणि दोरा तू काढायची नाहीस, ‘पूजेचा हाय’ म्हणून. त्यावर पुढच्या दसऱ्याचा दोरा. त्यावर कुठल्याशा देवाचा लाल गंडा. ह्या सगळ्यानं एक्सलेटरची वायर हँडलला आवळून धरली होती. मी एकही दोरा तोडला नाही. नखांनी, सुईनं, अख्खा तास घालवून सोडवला. जुनं हँडल उतरवलं, नवं घातलं, बोल्ट हातानं लावले, दांडे आणि पेट्या चढवल्या. आणि तुझे दोरे होते तिथंच, तसेच, त्याच वायरीवरून पुन्हा बांधले. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आक्का ह्यात राहील.

किक मारली. गाडी सुरू झाली. दाजी उठून बसले, त्या आवाजानं त्यांचा चेहराच बदलला. मी व्हिडिओतल्यासारखं हँडल उजवीकडं वळवलं, ठीक. डावीकडं वळवलं आणि गाडी अशी काही भुंकली म्हणून सांगू! मी एक्सलेटरला हातसुद्धा लावला नव्हता. कोंबड्या उधळल्या, दाजींनी बाजेवरून उडी मारली, मला गाडी बंद करायचं सुचेना. ज्योतीनंच पळत येऊन चावी फिरवली.

चावी काढून तिनं मुठीत धरली.

चूक लगेच कळली मला. तुझं जुनं हँडल मागं वाकलेलं आणि बुटकं, त्यावर आवळलेली वायर पुरायची. नवं उंच आणि रुंद. त्याच जागी बांधल्यावर वळताना वायर ताणली जायची आणि आपोआप रेस वाढायची. तुझे दोरे तुझ्या हँडलपुरते होते. ह्या हँडलवर त्यांनी एखाद्या वळणावर पोरीला खड्ड्यात घातलं असतं. पण मी हे समजावून सांगेपर्यंत ज्योती खाली बसली होती आणि बोलायला लागली होती. तू गेल्यापासून पहिल्यांदा ती सलग बोलली.

‘मी हिसके देले न्हाई, मावशी. बिलकुल न्हाई देले. बापू म्हणत्यात तसं न्हाई.’

‘मला माहीत आहे.’

‘तुला न्हाई माहीत. तू नव्हती. आई गपच बसली न्हाई त्या दिशी. मला वाटलं कळा येऊन राह्यल्या असतील, वरडंल. तर मागून सांगून राह्यली, “डावीकडं वढंल ती, उजवा हात दाब. ज्योती, उजवा दाब.” पुलावर तेच, वळणावर तेच. आवाज बारीक होत गेल्ता तरी तेच. दवाखाना दिसला तवा म्हणाली, “बराबर चालवून राह्यली.” मंग काईच न्हाई बोलली.’

दाजींनी हे पहिल्यांदाच ऐकलं. मीही. आक्का, मी पाना खाली ठेवला आणि मोठ्यानं रडले. तुझ्या छातीत तसं चाललेलं आणि तू गाडीचं शिकवत होतीस. तुझ्या जागी मी असते तर पोरीला काहीतरी शहाण्यासारखं, मोठ्या माणसासारखं सांगून गेले असते आणि ती रस्त्यात पडली असती. तू तिला त्या क्षणी जे लागत होतं तेवढंच दिलंस. तुझे उपकार मानायची आपल्या घरात पद्धत नाही, पण आज मानते.

दाजी चाचपडत पोरीजवळ आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बराबर म्हणाली ना? मंग बराबरच. तिनं माझी खोटी तारीफ कधी केली न्हाई, तुझी काहून करंल?’ ज्योती हसली. रडता रडता, पण हसली.

मग मी सगळं पुन्हा उघडलं. ह्या वेळी दोरे विळ्यानं कापले. हो, कापले. नदीत सोडले नाहीत, तुळशीत टाकले नाहीत, रविवारच्या कचऱ्यात गेले. तुला राग आला तर ये भांडायला. वायर मोकळी सोडली, हँडलच्या पुढून तिच्या तिला सुचेल तशी घेतली. ज्योतीनं बॅटरीचा उजेड धरला आणि मी बोल्ट आवळले, एकदा पुढचा, एकदा मागचा, थोडे थोडे करून. गाडी सुरू केली. हँडल डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. आवाज एका सुरात चालला होता.

ज्योतीनं मोकळ्या वावरात गाडी काढली. मी बांधावर उभी. थोडी सरळ गेली आणि उजवीकडं, सरळ वावराच्या कडेच्या काटेरी कुपाटीकडं चालली. कशीबशी थांबवली. पुन्हा निघाली, पुन्हा कुपाटी.

‘मावशी, हे उजवीकडं वढतंय! वाकडं बसवलं तू.’

‘वढत न्हाई. तू दाबून राह्यली.’

तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, ‘आईनं सांगतलं तसंच करून राह्यले.’

‘ते त्या हँडलसाठी होतं, ज्योती.’

वर्षभर जे तुला पटवत होते ते हेच, आक्का. सवय लागली की सरळसुद्धा वाकडं वाटतं. भांडण मी जिंकले. बांधावर उभी राहून भांडण जिंकले आणि ‘तुझ्या डबीवर बसून बोलू नको’ म्हणायला कुणी नव्हतं. असल्या जिंकण्याचं काय करायचं असतं, ते तू असतीस तर तुलाच विचारलं असतं.

पण ज्योती थांबली नाही. दुपारभर ती वावरात फेऱ्या मारत राहिली. उजवा हात ढिला सोडायला शिकत होती. मधूनच चुकायची, चुकली की माझ्याकडं बघायची नाही, गाडी वळवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठं गाडी बांधापासून बांधापर्यंत सरळ गेली आणि सरळ परत आली. ती उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढं केला.

‘पाना दे.’

‘आता काय झालं?’

‘तू आईच्या मापानं बसवलं हे. ती उंच व्हती. माझे खांदे भरून येऊन राह्यले.’

खरं होतं. मी काही न ठरवता तुझाच अंदाज धरला होता. तिनं चारी बोल्ट थोडे ढिले केले, सीटवर बसली, डोळे मिटून दोन्ही हात पुढं टाकले, जिथं पडले तिथं हँडल खाली ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं बोल्ट आवळले. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाली, ‘राहू दे, मावशी. निघाले तर शिव्या मला.’ हे वाक्य तिनं तुझ्याकडून ऐकलं असेल का? विचारलं नाही मी.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तोडा केला. अर्धी मिरची झाडावरच लाल झालेली, ती वाळवायला ठेवली. हिरवी होती तेवढी पोत्यांत भरली. बापू आले. गाडी अंगणात, हळदीकुंकू लावलेली, पोती शेजारी. ते बराच वेळ हँडलकडं बघत होते. म्हणाले, ‘मी पिकअप सांगतलाय. कशाला जिवाशी खेळ?’

ज्योती म्हणाली, ‘पिकअप सांगा बापू, तुमच्या मिरचीला. आमची मी नेते.’ मग थोडं थांबून, ‘अन् वावर बटईनं द्यायचं न्हाई. लग्नाचंबी आताच काही बघू नका.’

‘तुम्ही म्हणाल तसं’ कुठच्या कुठं गेलं होतं. मी खाली बघत राहिले, हसू दिसू नये म्हणून. बापूंनी दाजींकडं बघितलं. दाजी म्हणाले, ‘पोरगी बराबर चालवती. तिच्या आईनं सांगतलंय.’ आणि मग दाजींनी त्यांना ती सगळी गोष्ट सांगितली, पुलावरची, वळणावरची, दवाखान्याच्या दारातली. बापू ऐकत होते. उठले, पोती उचलून गाडीला दोन्ही बाजूंनी लावली आणि दोरी बांधली. ज्योतीनं बांधलेली गाठ सोडून स्वतःची मारली, कारण बापूंना दुसऱ्याची गाठ पटत नाही. ज्योतीला म्हणाले, ‘जल्दी करू नको. दमानं जाय.’ मला वाटतं, ती त्यांची माफी होती.

ज्योतीनं किक मारली. दाजी काठी टेकवत आले. नेहमीसारखे त्यांनाही बाजाराला जायचं होतं, मिरचीच्या लिलावात बोली पुकारणारा त्यांचा मित्र त्यांची वाट बघत असणार. त्यांनी मागच्या सीटवर हात ठेवला आणि तिथंच थांबले. पाय उचलेना. हात सीटवरून फिरवत राहिले. ज्योतीही वळून ‘बसा बाबा’ म्हणेना. ती समोर बघत होती, पाठ ताठ करून, मागं कुणीतरी बांधलेलं असावं तशी. मी आणि बापू बघत राहिलो. गाडी सुरू होती.

तेव्हा मी मनातल्या मनात तुला जे म्हटलं, ते इथं लिहून ठेवते. आक्का, तू पोरीला दवाखान्याच्या दारापर्यंत नीट आणलंस. पुढचा रस्ता तिचा आहे, हँडलही तिच्या हाताला बसलंय.

आता उतर. दाजींना बसू दे.